वळीव पडला की तिसऱ्या दिवशी उजनी

सोलापूरचा वळीव कसा असतो ते आपल्याला माहीतच आहे. आधी धुळीचं वादळ, मग पत्र्यावर चार टपोरे थेंब, मग लाइट जाते आणि पाऊसही जातो. यंदा मात्र मे महिन्यात एका रात्री तो आला आणि बसलाच. सकाळी गल्लीतल्या दुचाक्या निम्म्या पाण्यात होत्या आणि मी अडगळीतून गळाची पिशवी शोधत होतो. घरच्यांनी कपाळावर हात मारला.

पहिली चूक मी त्याच दिवशी केली. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव, म्हणजे आपला एकरुख, इंग्रजांनी १८७१मध्ये बांधलेला. घरापासून जवळ, म्हणून तिकडंच पळालो. पाणी दूध घातलेल्या चहासारखं. त्यावर पाचट, शेण, चपला, प्लास्टिक, सगळं तरंगत होतं. पाच तासांत बोया, म्हणजे गळाच्या दोरीवरचा तरंगणारा तुकडा, एकदाही हलला नाही. शेजारी एक बगळा माझ्याइतकाच उपाशी उभा होता.

कारण साधं आहे. पहिलं पाणी रानातली सगळी घाण घेऊन येतं. ती कुजायला लागली की पाण्यातला प्राणवायू ओढला जातो. वर ढग असले तर शेवाळ दिवसा नवा प्राणवायू फारसा करत नाही आणि रात्री उलट तेच वापरतं. म्हणून पहाटे मासे काठाला तोंड वर काढून आ वासताना दिसतात. नवख्याला वाटतं, भुकेला आहे. तो भुकेला नसतो, गुदमरलेला असतो. असा मासा गळाला तोंड लावत नाही, आणि मेलेला तरंगत असेल तर तो उचलूनही आणायचा नाही.

तिसऱ्या दिवशी यंत्रमागाला सुट्टी होती. पूर्व भागातला माझा दोस्त आणि मी पहाटे चारला निघालो. मोहोळ मागं टाकलं, टेंभुर्णीला पहिला चहा, तिथून जेऊर आणि पुढं केत्तूरच्या बाजूचं उजनी धरणाचं पाणी. मोटारसायकलवर तीन तास धरा. दोस्ताच्या आईनं कडक भाकरी, शेंगा चटणी आणि चिंचेचा भात बांधून दिला होता. तेलुगू घरातला डबा असल्यावर हॉटेल शोधायचं पाप कोण करणार?

निघण्याआधी धरणाचा आकडा बघा. उजनीत एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशोबात न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून उन्हाळ्यात आकडा ‘मायनस’मध्ये जातो. २०२४च्या मेमध्ये तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली होता. गळवाल्यासाठी या आकड्याचा अर्थ एवढाच, की काठ किती आत गेलाय. मायनस मोठा असेल तर गाडी लावून गाळातून बरंच चालायचं आहे असं समजा. मागच्या खेपेला जिथं बसलो होतो तिथं आता कुणाची तरी गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेलं पीक, उभी होती.

दुसरी चूक त्या गाळातच झाली. वरून कोरडी दिसणारी जागा बघून बिनधास्त पाय टाकला, तो गुडघ्यापर्यंत आत. जितका ओढावा तितका काळ्या मातीनं धरून ठेवला. शेवटी पोटावर आडवा झालो तेव्हा पाय सुटला, चप्पल आतच राहिली. जाळं सोडवत बसलेले एक भोई मामा हे सगळं शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "पाव्हणं, भेगा बघून पाय टाका. भेग दिसती तिथं जमीन हाय. भेग मिटली का खाली दलदल." हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मनात आलं, पण पाय त्यांच्याच बादलीतल्या पाण्यानं धूत होतो.

जागाही मामांनीच दाखवली. मोठ्या पाण्याकडं तोंड करून बसू नका. एखादा ओढा धरणाला येऊन मिळतो तिथं जा. पावसानंतर दोन दिवसांनी त्या तोंडाशी पाण्यात सरळ रेघ दिसते. अलीकडं तांबूस, पलीकडं हिरवं, मध्ये फेस आणि जोंधळ्याच्या धसकटांची माळ. ओढ्यानं आणलेले किडे, गांडुळं तिथं येऊन थांबतात. मासा हिरव्या बाजूला राहतो आणि खायला रेघेवर येतो. गळ त्या रेघेच्या हातभर पलीकडं टाकायचा, बस्स. महागडी रीळ नसली तरी चालते. माझा बोया जोंधळ्याच्या ताटातलं भेंड काढून केलेला, खाली शिशाचा छोटा मणी, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, नेहमीपेक्षा जरा जाड. गढूळ पाण्यात माशाला दोरी दिसत नाही आणि धसकटात अडकली तर बारीक तंगूस तुटतोच.

साडेआठपर्यंत चिलापी (तिलापिया मासा) सुरू झाली. ती बोया बुडवत नाही, आडवा सरकवते. तेवढ्यावर झटका द्यायचा. आमिष गांडुळाचं. कणकेचा गोळा गढूळ पाण्यात वाया जातो, त्यात शेंगदाण्याची पेंड मळली तर वासानं थोडं काम होतं. सातवी चिलापी हातात घेतली आणि तिच्या तोंडातून मोहरीएवढी पिल्लं तळव्यावर सांडली. एक, दोन, मग वीसेक. चिलापीची मादी अंडी-पिल्लं तोंडातच सांभाळते हे ऐकून माहीत होतं, हातावर वळवळताना पहिल्यांदाच बघितलं. दोस्तानं एक शब्द न बोलता ओंजळभर पाणी आणलं. आम्ही आईला आणि पिल्लांना एकाच जागी सोडलं. गळ लागलेल्या तोंडात ती परत शिरली का, कोण जाणे.

शिंगाडा मासा अकराच्या सुमाराला लागला, दीडेक किलोचा. त्याला मिशा आहेत, वासावर खातो, त्यामुळं गढूळ पाण्यात दिवसाही फिरतो. आमिष कोंबडीच्या काळजाचं, गळ तळाला. त्याच्या कल्ल्यामागचे काटे जपा. टोचलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून ठेवा, ठणका उतरतो. कटला-रोहूची मात्र आशा धरू नका. त्यांची खरी हालचाल मृगानंतर, नदीला जोराचं पाणी आलं की. तेव्हा पोटात अंडी असतात, त्यामुळं मी त्या दिवसांत त्यांच्या वाटेला जात नाही. वडाप, म्हणजे बारीक विणीचं ओढजाळं, ओढून बोटुकलीसकट, म्हणजे बोटभर पिल्लांसकट, सगळं नेणाऱ्यांबद्दल मामा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. धरणातल्या मासेमारीचे ठेके असतात, तेव्हा हौसेचा गळ असला तरी तिथल्या मच्छीमारांना विचारूनच बसा.

मेहुणा रत्नागिरीला असतो. त्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, खाडीतही असंच, फक्त तिथं रेघ उभी नसते, आडवी असते. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, खारं खाली राहतं. म्हणून खाऱ्या पाण्यातल्या माशासाठी गळ खोल सोडायचा. जिताड्याला मात्र गोडं-खारं दोन्ही चालतं, त्यामुळं पावसानंतर तो खाडीच्या तोंडाशी हमखास बघायचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तोवर काय ते करून घ्या, असा त्याचा सल्ला. आपल्याला समुद्र लांब.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुपारी तीनला गळ गुंडाळायचा, मासा लागत असला तरी. वळीव दुपारनंतरच उठतो आणि उघड्या काठावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही आणि तुमची काठी. ती कार्बनची असेल तर आणखीच वाईट. बाभळीखाली थांबू नका. आणि वारं सुटल्यावर होडीत तर अजिबात नाही. २१ मे २०२४ला कुगाव-कळाशीच्या दरम्यान याच पाण्यात वादळानं बोट उलटली आणि सहा माणसं गेली. मामांनी हात करून ती दिशा दाखवली आणि पुन्हा जाळ्याकडं वळले.

आम्ही पावणेतीनला निघालो. टेंभुर्णीपर्यंत मागं आभाळ काळं झालं होतं, मोहोळला थेंब लागले. अकरा चिलाप्या आणि एक शिंगाडा दोन घरांत वाटून घेतला. चप्पल अजून तिथंच आहे. केत्तूरकडं कुणी जाणार असेल तर डाव्या पायाची, नऊ नंबरची, तपकिरी.