हॉलमधली घूं-घूं: थिएटर पीसीची नोंदवही, भाग ३

एप्रिल, दुसरा आठवडा

शोकेसमध्ये ठेवलेल्या, पिक्चर लावायच्या कॉम्प्युटरचे पंखे मागच्या भागात गप्प केले होते. त्याचा परिणाम असा झाला की त्यांच्याखाली दडलेला आवाज वर आला. रात्री अकराला पिक्चरमधला एक शांत प्रसंग चालू होता, आणि आई सोफ्यावरनं म्हणाली, "फ्रिजचं दार उघडं ऱ्हायलंय काय रं?"

फ्रिज दोन भिंतींपलीकडं. ही घूं-घूं शोकेसमधनं येत होती.

पहिला संशय इन्व्हर्टरवर गेला, कारण तो जिन्याखाली बसून दिवसभर गुणगुणत असतो. मोबाइलवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कुठला सूर किती मोठा ते दाखवणारं फुकटचं अ‍ॅप टाकलं आणि फोन शोकेसच्या फळीवर ठेवला. टोक आलं १२० हर्ट्‌झवर. आपल्याकडं वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळं ट्रान्सफॉर्मरची गुणगुण त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० वर दिसते. १२० म्हटल्यावर इन्व्हर्टर सुटला. हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे (आरपीएम) घेते, ७२०० भागिले ६० केलं की सेकंदाला १२० येतात, म्हणजे चोर तीच.

गंमत पुढंच आहे. माझ्याकडं दोन डिस्क. पहिली ७२०० ची, ती कबूलच आहे. दुसरीच्या खोक्यावर '५४०० आरपीएम क्लास' असं छापलंय, म्हणजे तिचं टोक ९० वर यायला पाहिजे. पहिलीची वायर काढून एकटी दुसरी चालवली, तरी टोक १२० लाच. सगळी गोम त्या 'क्लास' शब्दात. शांत डिस्क म्हणून घेतली होती ती मी. कुणी नवीन घेणार असेल तर खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, घरी आणल्या आणल्या फोन टेकवून बघा.

दोघींचा वेग जवळजवळ सारखा, पण तंतोतंत नाही. म्हणून आवाज एका पट्टीत राहत नव्हता, दोन-तीन सेकंदांनी फुगायचा आणि बसायचा. सलग आवाजाची कानाला सवय होते. फुगणाऱ्या आवाजाची होत नाही.

एप्रिल, शेवट

मशीन बंद करून दुसरीची वायर काढून ठेवली, पहिलीचे स्क्रू काढले, ती कॅबिनेटबाहेर चौपदरी गोधडीवर ठेवली आणि मशीन चालू केलं. हॉल एकदम शांत! कान अगदी डिस्कजवळ नेला तरच सूं ऐकू यायचं. डिस्क तीच, वेगही तोच. म्हणजे बोंब मारत होता तो कॅबिनेटचा पत्रा आणि त्याखालचा प्लायवूड. मिरजेच्या तंबोऱ्याची नुसती तार हवेत ताणून छेडली तर शेजारच्याला ऐकू जात नाही, खाली भोपळा लागतो. मी आपला शोकेसचा भोपळा करून ठेवला होता.

मे

आता डिस्क आणि पत्रा यांची फारकत करायची. उद्यमनगरातल्या एका दुकानातनं मोटारसायकलच्या साइड कव्हरला बसतात ती रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणाऱ्या कड्या आणल्या, प्रत्येक स्क्रूला एक. फरक पडला, पण चार आण्यांचा. कारण नंतर कळलं. रबर असं हवं की त्यावर ठेवलेली डिस्क बोटानं ढकलली तर सावकाश डुलली पाहिजे. आधाराचं स्वतःचं डुलणं १२० हर्ट्‌झच्या खूप खाली असलं तरच वरची थरथर खाली पोचत नाही. गाडीचं रबर खड्ड्यांसाठी केलेलं, सातशे ग्रॅमची डिस्क त्याच्या खिजगणतीतही नाही. स्क्रू करकचून आवळले तर ते असून नसल्यासारखंच.

मग जुना, जगभर चालणारा उपाय: इलास्टिक. महाद्वार रोडच्या बाजूला शिंपीकामाच्या सामानाच्या दुकानात गेलो.

"पायजम्याला पायजे का परकराला?"

"हार्ड डिस्कला."

मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता एक इंच रुंदीचं मीटरभर कापून दिलं.

सीडी ड्राइव्हचा जो मोठा खण रिकामा होता, त्यात डिस्क टांगली. डाव्या पत्र्याच्या भोकातनं इलास्टिक घ्यायचं, डिस्कखालनं उजवीकडं न्यायचं, पिळा देऊन वरनं परत आणायचं. असे दोन पट्टे, एक पुढं, एक मागं. पिळा महत्त्वाचा, नाहीतर डिस्क पुढं सरकते. टोकांना गाठ मारू नका, ती सुटते. सरळ सुई-दोऱ्यानं शिवा. पॉवरची आणि डेटाची वायर ताठ ठेवली तर थरथर वायरीतनं पत्र्यात उतरते, म्हणून दोन्हींना मोकळा झोल दिला.

फोन पुन्हा फळीवर ठेवला. १२० चं टोक खोलीच्या आवाजात बुडालं.

किंमत मात्र मोजावी लागली. स्क्रूनं पत्र्याला बसलेली डिस्क आपली उष्णता पत्र्यात सोडते. टांगलेलीला फक्त हवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्या 'स्मार्ट'मधलं तापमान ३९ वरनं मे महिन्यात ४८ वर गेलं. बहुतेक डिस्कांच्या कागदावर ६० ची मर्यादा असते, तरी मला ते पटेना. समोरचा पंखा थोडा वाढवला आणि ४३ वर आलो. मशीन हलवायचं असेल तेव्हा डिस्क आधी उतरवा, हे वेगळं सांगायला नको.

जून

इलास्टिकनं घूं-घूं गेली, पण डिस्कवरचं वाचणारं हेड फिरताना होणारी कटकट हवेतनं येतेच. ती जुन्या बोलपटांत कळत नाही. १९२९ साली आपल्याच कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे बोलपट लावले की ध्वनिपट्टीचीच खरखर एवढी असते की दहा डिस्क फिरल्या तरी पत्ता लागू नये. त्रास नव्या पिक्चरांचा, त्यांची शांतता फार स्वच्छ.

अडीच इंची पोर्टेबल डिस्क आठवडाभर लावून पाहिली. आवाज खरंच कमी, पण दर थोड्या सेकंदांनी हेड पार्क करताना 'टिक' वाजायचं, आणि त्या यूएसबी डब्याला ते थांबवायची सेटिंग मान्यच होईना. परत कपाटात. सगळा संग्रह एसएसडीवर, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कवर नेणं हे खरं उत्तर, पण माझे ११ टीबी एसएसडीवर नेले तर घरात दुसराच आवाज सुरू होईल.

म्हणून दोन्ही डिस्क जुन्या कॅबिनेटसकट जिन्याखाली. आमच्याकडं २०१९ ला आणि २०२१ ला गल्लीत पाणी आलं होतं, त्यामुळं जमिनीवर काहीही ठेवत नाही. छातीएवढ्या उंचीवर भिंतीत फळी ठोकली. हॉलमध्ये राहिली ती फक्त ५०० जीबीची एसएसडी.

पहिल्याच रात्री फोर-के पिक्चर अडखळायला लागला. हिशेबात तर बसत होतं: फोर-के ब्लू-रेचा वेग फार तर सेकंदाला दीडशे मेगाबिटच्या आत, आणि जिन्याखालून हॉलमध्ये आणलेली लॅनची वायर गिगाबिटची, म्हणजे हजार मेगाबिटची. बघतो तर जोडणी १०० मेगाबिटवर. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. खिडकीच्या चौकटीत वायर मीच दाबून बसवली होती आणि तपकिरी जोडीतली एक तार तुटली होती. जिथं साधे पिक्चर चालतात आणि मोठेच अडखळतात, तिथं आधी वायर बघा. मी दोन संध्याकाळी पिक्चर चालवणाऱ्या 'कोडी' सॉफ्टवेअरची सेटिंग कुरतडत बसलो होतो.

दुसऱ्या रात्री बायको म्हणाली, उशाकडची भिंत गुणगुणतीया. फळी ठोकलेली भिंत बेडरूमचीच. दुसरी डिस्क मी आळसानं स्क्रूवरच ठेवली होती. तीही इलास्टिकवर घेतली.

जुलै

आताची मांडणी अशी. शुक्रवारी पहाटे एक छोटी स्क्रिप्ट शनिवार-रविवारसाठी निवडलेले पिक्चर एसएसडीवर आणून ठेवते. आम्ही त्या फोल्डरचं नाव 'डबा' ठेवलंय. पिक्चर डब्यातनं चालतो, जिन्याखालच्या डिस्क झोपून राहतात. झोपेची वेळ 'एचडीपार्म' या लिनक्सच्या कमांडमध्ये द्यावी लागते आणि तिथला आकडा फसवा आहे: २४० म्हणजे २० मिनिटं, पण २४१ म्हणजे ३०, आणि २४२ म्हणजे थेट एक तास. मी २४१ ठेवलाय. ऐनवेळी डब्याबाहेरचं काही लावलं तर डिस्क जागी होईपर्यंत दहाएक सेकंद पडदा काळा राहतो, तेवढ्यात आई विचारते, "लाइट गेली काय?"

पावसाळ्यात जिन्याखाली ओल फार, तिथं काय करायचं ते अजून ठरत नाही. शिवाय इलास्टिक सैल पडतंय. मेमध्ये पत्र्यावर पेनानं खूण केली होती. पहिली डिस्क तिच्याखाली सहा मिलिमीटर उतरलीय, खालच्या पत्र्याला टेकायला बोटभर अंतर उरलंय. रविवारी त्याच दुकानात जायचंय. या वेळी दोन मीटर घेणार, आणि विचारलं तर परकराला म्हणून सांगणार.