थंडीच्या नावावर

डिसेंबर अर्ध्यावर आला की निफाडचं नाव पेपरात झळकायला लागतं. पारा पाच-सहा अंशांवर, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच सुमाराला कुणाच्या तरी अंगणात जुनी चारशे सात, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, घर्र-घर्र करते, दम टाकते आणि गप्प होते. मालक खाली उतरतो, बोनेटकडे बघतो आणि आजूबाजूच्या चार जणांना सांगतो, “थंडीच लई हाय.” चौघंही माना डोलावतात.

मला या निदानाची फार मौज वाटते. थंडी ही सोयीची आरोपी. तिला बोलावून विचारता येत नाही, तिच्या नावावर काहीही खपतं, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर आळ घेतला की खिशातून काही जात नाही.

तिचा हात मुळीच नसतो असं नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबायची, ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात नोझलने डिझेलचा फवारा मारायचा आणि तो आपोआप पेटतो. एवढाच सगळा कारभार. पण त्यासाठी सेल्फने इंजिन जोरात फिरवायला हवं, दाबलेली हवा आत टिकायला हवी आणि डिझेल वेळेवर पोचायला हवं. थंडीत बॅटरी मंदावते, ऑइल घट्ट होतं आणि गार लोखंड हवेतली ऊब पिऊन टाकतं. सगळं कबूल. मग शेजारच्या अंगणातली नवी गाडी त्याच पहाटे अर्ध्या सेल्फला कशी उठते? थंडी तिथेही तेवढीच पडलेली असते की!

मुरलेला मिस्त्री म्हणूनच पान्याला हात घालायच्या आधी मालकाला छळतो. रोज असंच होतं की आजच? दुपारी उठते का? सेल्फ मारताना धूर येतो का? आला तर कसला? मालकाला वाटतं, हा टाइमपास करतोय. खरं तर अर्धं काम तिथेच होतं. सायलेन्सरकडे नुसतं बघत उभं राहिलं तरी जुनी गाडी बरंच सांगते. सेल्फ जोरात फिरतोय आणि धुराचा पत्ता नाही, म्हणजे डिझेल वरपर्यंत पोचतच नाही. डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर भकाभका येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हवा पुरेशी तापत नाही, नोझल फवाऱ्याऐवजी धार सोडतंय किंवा डिझेल सोडणाऱ्या पंपाचं टायमिंग हललंय. काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर उघडून बघावा. कांद्याच्या हंगामात त्यात अर्धं शेत सापडतं.

धूर नाही, या पहिल्या प्रकारात एक फार लबाड दुखणं आहे. मिस्त्री म्हणतात, गाडी एअर घेते. टाकीतून डिझेल ओढतो फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. तिथला रबरी पाइप तडकला, पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचा (बॅन्जो बोल्ट) तांब्याचा वायसर बसका झाला, तर डिझेल बाहेर फारसं येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे खाली डाग पडत नाही, वास येत नाही आणि कुणाला संशयही येत नाही. रात्रभरात पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. सकाळी सेल्फ मार-मार मारल्यावर गाडी एकदाची उठते. दिवसभर पाइप भरलेला असतो, म्हणून नंतर काही तक्रार नाही. पहाटे अडते, दुपारी चालते. थंडीवर शिक्कामोर्तब व्हायला आणखी काय हवं?

यावरचा उपाय बघण्यासारखा असतो. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्यायची, फीड पंपाच्या आधी पाइपाच्या जागी तात्पुरती जोडायची आणि हॅन्ड पंप, म्हणजे डिझेल हाताने ओढायचा छोटा पंप, मारायचा. पिवळसर डिझेल सरकायला लागतं आणि त्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक पळताना दिसतात. जो पाइप, जो वायसर बदलला की बुडबुडे थांबतात, तो चोर. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे पहाटे सेल्फला हात न लावता आधी हॅन्ड पंप मारायचा, तो हाताला कडक लागेपर्यंत. मग गाडी लगेच उठली, तर थंडी निर्दोष.

बॅटरीचं प्रकरण एवढं रंगत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी चढलेली असते, ती कढत पाण्याने धुवायची, फडक्याने पुसायची, ग्रीस लावायचं. चेसिस आणि इंजिन जोडणारी अर्थिंगची पट्टी मात्र कुणी बघत नाही. नव्या बॅटरीचे पैसे मोजून झाल्यावर ती पट्टी गंजलेली सापडते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनावर धरून सेल्फ मारला आणि काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर खोट तिथेच.

इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरला पेटता बोळा धरणारे आणि हवेच्या तोंडाशी ईथर फवारणारेही आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये, फक्त लांब उभं राहावं.

राहिलं शेवटचं दुखणं. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, सिलिंडरचं अस्तर म्हणजे लायनर घासलेला, दाबलेली हवा खाली चेंबरमध्ये निसटतेय. ऑइल-कॅप काढली की फुसफुस वाफ येते. चारशे सात बाजारात आली 1986 साली. त्यातल्या जुन्या गाड्यांचं इंजिन एकदाही उघडलं गेलेलं नसेल तर हे व्हायचंच. मिस्त्री हिशेब सांगतो. मालक ऐकून घेतो आणि म्हणतो, माल निघू दे, एप्रिलात बघू. तोवर गाडी रोज संध्याकाळी उताराला तोंड करून लावायची, चाकाला दगड, आणि सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. एप्रिल उजाडतो, ऊन चढतं, गाडी पहिल्या सेल्फला उठायला लागते. मालक मिस्त्रीला रस्त्यात गाठून खुशीत सांगतो, “बघ, बोललो नव्हतो?”