प्रकाशावर फिरणारा रेणू: खरी मेख उष्णतेत

रसायनशास्त्रज्ञ बेन फेरिंगा यांच्या ग्रोनिंगेनमधल्या (नेदरलँड्स) गटाने 1999 मध्ये केलेल्या, प्रकाशावर फिरणाऱ्या एका रेणूच्या मोटरचा आस म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध. दोन्ही बाजूंचे अवजड भाग एकमेकांना खेटतात, म्हणून रेणू मळसूत्रासारखा पिळलेला राहतो.

उणे 55 अंशांवर अतिनील प्रकाश दिला की बंधाभोवती अर्धा फेरा होतो, पण त्या भागांवरचे मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) अडचणीच्या जागी अडकतात. 20 अंशांपर्यंत तापवलं की ते एकमेकांवरून सरकतात आणि परतीची वाट बंद होते. पुन्हा प्रकाश, मग 60 अंश, की फेरा पूर्ण.

प्रकाशाची पायरी उलटही होते, त्यामुळे नुसत्या प्रकाशात आधीच्या आणि नंतरच्या रूपांचं मिश्रणच उरतं. थंडीत मोटर अडते. तिथे दिवा कितीही प्रखर करा, उपयोग शून्य!