लाटांची वही : वर्ष तिसरं

सध्या सांगलीत आहे, महिन्याच्या सुट्टीवर. पाऊस लागून राहिलाय. आयर्विन पुलापाशी कृष्णा आज २६ फुटांवर आहे आणि घरात सकाळपासून एकच विषय, कोयनेतून किती सोडलं. दुबईहून येताना लाटांची वही, म्हणजे माझ्या तिथल्या सर्फिंगच्या खेपांची नोंद, सोबत आणली होती. तिसऱ्या हंगामाचा हिशेब इथेच बसून लिहितो, कारण ही वही भरायची रीत मला याच घरानं शिकवली.

आखातात राहून सर्फिंग शिकणाऱ्या आपल्या मंडळींना दुखणं वेगळं सांगायला नको. समुद्र दारात आहे, लाट नाही. पर्शियन आखात हे जवळजवळ बंदिस्त तळंच. लांबी हजार किलोमीटरच्या आत-बाहेर, सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास. होर्मुझची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी चाळीसेक किलोमीटर. अरबी समुद्रातली लांब पल्ल्याची लाट त्या बोळातून वळून दुबईपर्यंत पोचत नाही. जे काही मिळतं ते आखातातच उठलेलं, आणि ते उठवतो शमाल. अरबीत शमाल म्हणजे उत्तर. हिवाळ्यात थंड हवेचा पट्टा इराककडून खाली सरकला की वायव्येकडून हा वारा सुटतो, एखादा दिवस टिकतो, कधी तीन-चार दिवस.

पहिल्या हंगामात मी काय करत होतो? गॅलरीचं दार वाजायला लागलं की बोर्ड गाडीत टाकून निघायचो. किनाऱ्यावर नुसता राडा. लाटेवर लाट, फेस, डोळ्यांत वाळू, वल्हवत बाहेर जाता यायचं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर जायचो, तर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा गप्प. १९ खेपा, त्यातल्या १२ कोरड्या. वहीत तसंच लिहिलंय.

एका रात्री फोनवर पप्पांना हे सांगत होतो. ते म्हणाले, "आरं, पुलावर आल्यावर बघून काय उपयोग? वरनं किती सोडलंय ते बघ की."

सांगलीच्या गावभागात वाढलेल्या कुणालाही हे वेगळं समजावावं लागत नाही. १९२९ पासून उभ्या असलेल्या त्या पुलावर ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ. पण सामान वर हलवायचं ते पुलाकडे बघून नाही. कोयनेचा विसर्ग किती, कऱ्हाडला पाणी किती चढलं, तिकडे पाऊस थांबला का, यावरून ठरतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमचा खालचा मजला गेला. पण धान्य, कागदपत्रं आणि आज्जीचं शिवणयंत्र वाचलं, कारण पप्पा दोन दिवस वरचेच आकडे धरून बसले होते.

त्या रात्री वहीत नवा रकाना आखला. नाव दिलं, 'वरनं'.

आता त्या रकान्यात शमालच्या वाटेवर दुबईच्या आधी येणाऱ्या कुवेत आणि बहारीनचा वारा लिहितो, दिवसातून तीनदा. किती नॉट (हे वाऱ्याच्या वेगाचं माप), कुठल्या दिशेनं आणि सलग किती तास. तासांना मी सर्वांत जास्त मान देतो. वारा जोराचा असला तरी चार तासांत पडला तर लाटेच्या अंगात काही भरत नाही. लाट मोठी व्हायला वाऱ्याचा जोर, वाहण्याचा वेळ आणि पाण्यावरचं मोकळं अंतर असं तिन्ही लागतं. आखातात अंतर ठरलेलं आहे, तेव्हा पाहायचं ते उरलेल्या दोघांकडे. मग प्रवासाचा हिशेब. सहा सेकंदांच्या, म्हणजे दर सहा सेकंदांनी एक येणाऱ्या, लाटांचा जथा ताशी साधारण १७ किलोमीटरनं सरकतो. बहारीन ते दुबई पाचशे किलोमीटरच्या आत, म्हणजे सव्वा दिवस धरा. वारा स्वतःही मागोमाग खाली येतो आणि वाटेत नव्या लाटा उठवत राहतो, त्यामुळे गणित इतकं सरळ सुटत नाही. पण अंदाज बांधता येतो.

आणि खरी गोष्ट पकडायची असते ती वाऱ्याची उघडीप. वारा पडलाय आणि लाट अजून मेलेली नाही, असे तीन-चार तास. आखूड लाट फार लवकर विरते, त्यामुळे दुपारपर्यंत थांबलात तर गेली. तिसऱ्या हंगामात १४ खेपा झाल्या, कोरड्या फक्त ३.

त्यातली जानेवारीतली एक पहाट लिहून ठेवावीशी वाटते. आदल्या दिवशी बहारीनला २५ नॉट, सलग सोळा तास. रात्री अकराला दुबईत वारा ऐन भरात, पण बहारीनला पडून तीन तास झालेले. मी गजर पावणेपाचचा लावला. सनसेट बीचला पोचलो तेव्हा उजाडायचं होतं, बुर्ज अल अरबचे दिवे चालू होते. वाळू थंड आणि घट्ट. वारा इतका कमी की कानाला कळेना. लाटा कमरेएवढ्या, मातकट हिरव्या, दोन लाटांमध्ये श्वास घेण्यापुरता वेळ. पहिल्या दोन सुटल्या. तिसरीला मी तीन हात मारले आणि बोर्डाच्या मागच्या टोकाखाली पाणी भरल्याचं पोटाला जाणवलं. जणू कुणी खालून पाट उचलला. उठलो. डावीकडे लाटेची भिंत मोडायची शिल्लक होती आणि पहिल्यांदाच मी सरळ किनाऱ्याकडे न जाता त्या भिंतीच्या कडेनं गेलो. सात-आठ सेकंद असेल. पाण्यात पडल्यावर ओरडलो ते मराठीत. शेजारी बोर्डावर बसलेल्या फिलिपिनो गड्यानं हात वर केला. त्या सकाळी ११ लाटा मिळाल्या. वहीत त्या ओळीखाली दोन रेघा आहेत.

बोर्डाबद्दल. सुरुवातीला मी सहा फूट दोन इंची, ३८ लिटर घनफळाचा घेतला होता. तो मोठ्या लाटा असलेल्या देशात चालतो, आखातात नाही. आखातातली लाट ढकलते कमी, म्हणून बोर्डानं तगून राहायला हवं. आता आठ फुटी फोमचा आहे, ८० लिटरचा, आणि माझी अर्धी प्रगती त्याचीच आहे असं मी मानतो. नवीन येणाऱ्यांनी तरी आधी लांब आणि जाडच घ्यावा. पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावायचं मेण डब्यात ठेवा. मे महिन्यात गाडीत विसरलेली वडी मागच्या सीटवर तुपासारखी पातळ झाली होती, तो डाग अजून आहे.

पोहण्याचं मात्र काही नव्यानं शिकावं लागलं नाही. आज्जानं पाठीला पत्र्याचा डबा बांधून सरकारी घाटावर पाण्यात सोडलं होतं. "धारंशी भांडायचं न्हाई, आडवं जायचं," एवढं एकच ते सांगायचे. किनाऱ्यावरून समुद्रात खेचणाऱ्या ओढीत सापडलात तर हाच नियम. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा, मग किनाऱ्याकडे या. लाल बावटा असेल तर जीवरक्षकाला विचारल्याशिवाय मी पाण्यात पाय घालत नाही.

अबुधाबीत हुदैरियत बेटावर सर्फिंगचा विश्वविजेता केली स्लेटर याच्या तंत्राचा लाटांचा तलाव आहे. एकदाच गेलो. लाट दर वेळी तंतोतंत तशीच येते, त्यामुळे मागचा पाय कुठे चुकतोय ते लख्ख कळलं. खिशाला जड आहे, पण वर्षातून एकदा जाण्यासारखं.

जुलैत ओमान. उन्हाळ्यात दुबईचं पाणी कोमट चहासारखं, लाट नाही, पण तेव्हाच ओमानच्या अरबी समुद्राकडच्या किनाऱ्यावर, अल अश्खराला, नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा आदळत असतात. गाडीनं सातशे किलोमीटरच्या वर, मस्कत मागे टाकून जालान बनी बू अलीच्या पुढे. वाळवंट संपतं आणि एकदम गार वारा तोंडावर येतो. पाणी तर थंडगार, कारण हा वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी दूर लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. जुलैत अंगात पाण्यात घालायचा रबरी सूट घालून कुडकुडलो. लाटा आठ-नऊ सेकंदांच्या, डोक्याएवढ्या, वाऱ्यानं चुरगळलेल्या. पहिल्या दिवशी तीनच धरता आल्या, बाकी वेळ पाण्याखाली. दुसऱ्या दिवशी पहाटे वारा जरा सैल होता, तेव्हा सहा. ओढ जबरदस्त आहे आणि आम्ही होतो तिथे जीवरक्षक नव्हता. एकट्यानं जाऊ नका.

तिथे वाळूवर बसून चहा पीत असताना आईचा फोन आला. "हितं पाऊस थांबंना झालाय. महाबळेश्वरला तर विचारूच नको." मी समोर बघत होतो. सोमालियाकडून वळून येणारा जो वारा पुढं सह्याद्रीला धडकतो आणि कोयना भरतो, त्यानंच उठवलेल्या लाटा माझ्यासमोर फुटत होत्या. आईला म्हटलं, "मी तुमच्या पावसाच्या वाटेवर बसलोय." ती म्हणाली, "मग जेवलास का?"

सुट्टीत पाण्यात उतरत नाही. कृष्णा चढलेली आहे, वाहून येणारी झाडं दिसत नाहीत, आणि पुरात उडी मारायचं वय आणि धाडस दोन्ही मी बाजूला ठेवलंय. गच्चीवर पत्र्याखाली सतरंजी टाकून बोर्डावर उठतात तसं रोज ३० वेळा उठायचा सराव चालतो. माझा डावा गुडघा जमिनीला टेकायचा, आता तीसपैकी चार-पाचदाच टेकतो. आई कडेला लसूण सोलत मोजते आणि गुडघा टेकला की ती खेप धरत नाही.

काल रात्री पप्पांनी वही मागून घेतली. चष्मा लावून सगळी पानं उलटली. 'वरनं'च्या रकान्यावर बोट ठेवून थांबले, मग पुढच्या रकान्याला म्हणाले, "हे सेकंद म्हंजे काय?" मी सांगितलं, एक लाट गेल्यापासून दुसरी येईपर्यंतचा वेळ. जेवढा जास्त, तेवढी लाट लांबनं आलेली आणि अंगात जोर असलेली. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होते. डिसेंबरात दोघं दुबईला येतायत. घड्याळ घेऊन किनाऱ्यावर उभं राहायचं आणि सेकंद मोजायचे, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय.