सीएएसची ओ-रिंग नवी, गळती मात्र जुनीच

कॅम अँगल सेन्सरला (सीएएस, कॅमची स्थिती सांगणारा सेन्सर) नवी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बसवून 180 मैल होतात न होतात तोच बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या आवरणाच्या) खालच्या कडेला पुन्हा तो तेलाचा काळपट थेंब हजर. मागच्या नोंदीत 'सीएएसचं प्रकरण मिटलं' असं छातीठोक लिहिलं होतं, ते शब्द मागे.

गाडी तीच: माझदाची 1992 ची मियाटा, 1.6 इंजिन, 1 लाख 18 हजार मैल. क्रॅंक पुलीला आठ खाचा, म्हणजे लांब नाकाचा क्रॅंक. चार खाचावाल्यांची, म्हणजे आखूड नाकाच्या क्रॅंकवर पुली सैल होण्याची, डोकेदुखी इथे नाही. तक्रारी दोनच. मागून तेल, आणि चौथ्या-पाचव्या गिअरला 2,500 आरपीएमवर पाय दाबला की मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही. दोन्हींच्या याद्या वेगवेगळ्या केल्या होत्या आणि तिथेच गणित चुकलं.

इंजिनाच्या मागून तेल दिसलं की पहिला संशय क्रॅंकच्या मागच्या सीलवर जातो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. या इंजिनात तसं करण्याआधी वर बघायचं, कारण सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर बसतो आणि त्याची एकुलती एक ओ-रिंग म्हातारी झाली की तेल हीटरच्या होजवरून ओघळत थेट बेल हाउसिंगवर उतरतं. खालून पाहणाऱ्याला ते सीलचंच वाटतं.

पहिल्यांदा निघालेली ओ-रिंग बाहेरून चौकोनी झाली होती. वाकवली तर कटकन मोडली. तिच्या जागी मिश्र आकारांच्या डब्यातली एक घातली. आतला व्यास बरोबर जुळला, पण जाडी कमी होती, आणि चूक तीच होती. अशा स्थिर जोडात रबर साधारण पाचव्या हिश्शाइतकं दाबलं गेलं पाहिजे. सैल ओ-रिंग थंड इंजिनात तग धरते आणि तेल तापून पातळ झालं की हार मानते. तेव्हा डब्यातली ओ-रिंग घ्यायचीच असेल तर खाचेची खोली व्हर्नियरने मोजून घ्या, नुसतं बोटात घालून बघू नका. दुसऱ्या खेपेला एफकेएम या उष्णता सोसणाऱ्या रबराची, योग्य जाडीची घेतली. नेहमीच्या नाइट्राइल रबरापेक्षा महाग, पण ही जागा चांगलीच तापते, तिथे काटकसर नको. बसवताना तिला इंजिन ऑइलचं बोट लावलं, भोकाची धारदार कड आधी बारीक पॉलिश पेपरने मोडली. तरीही थेंब आला.

आता खरं निदान. हेडचा मागचा भाग ब्रेक क्लीनरने धुतला (होजवर फडकं टाकून, कारण ब्रेक क्लीनर रबराला सोसत नाही), पूर्ण वाळू दिला आणि साध्या टाल्कम पावडरीचा पातळ थर उडवला. इंजिन पंखा लागेपर्यंत तापवलं, मग दहा मिनिटं आयडलवर. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन पाहिलं तर सीएएसच्या गोल जोडाभोवती पावडर कोरडी ठणठणीत, आणि ओली रेघ त्याच्या वर, टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून निघालेली. म्हणजे पहिली ओ-रिंग गळत होती हे खरं, पण तिच्या डोक्यावर दुसरी गळती बसली होती. पहिल्याच दिवशी पावडर मारली असती तर एक ओ-रिंग आणि दोन शनिवार वाचले असते. तेलात यूव्ही डाय (अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग) टाकायला हरकत नाही, पण इतक्या अडचणीच्या जागी सगळंच चमकतं आणि उगम कळत नाही. पावडरच बरी.

टॅपेट कव्हर काढणं अवघड नाही: प्लग वायरी, पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) होज, दुसऱ्या बाजूचा ब्रीदर, मग 10 मिमीचे बोल्ट. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने टपली मारा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि पुढची गळती आपणच तयार करतो. आत जे दिसलं ते चीड आणणारं होतं. आधी कुणीतरी गॅस्केटच्या पूर्ण लांबीला निळं सिलिकॉन थापलं होतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये प्रत्येक जोडाला शेलॅक फासायची सवय असते ना, तोच प्रकार. रबरी गॅस्केटखाली ओलं सिलिकॉन म्हणजे साबण: बोल्ट आवळताना गॅस्केट घसरतं. इथे मागच्या अर्धगोल वळणावर ते चांगलं 4 मिमी आत सरकलं होतं. बाहेरून पाहिलं तर सिलिकॉनची नीटस कड, आत काही नाही.

जुनं सिलिकॉन खरवडण्याआधी कॅमभोवती स्वच्छ, धागे न सुटणारी फडकी कोंबा. निळा तुकडा तेलाबरोबर खाली गेला तर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसेल. प्लास्टिकची खरवडणी वापरा. गॅस्केटची खाच आणि हेडची कड दोन्ही तेलमुक्त. नवं गॅस्केट कव्हरच्या खाचेत कोरडंच दाबायचं. सिलिकॉन फक्त पुढच्या कॅम कॅपच्या कडांना आणि मागे वळण सपाटीला मिळतं त्या कोपऱ्यांत, ज्वारीच्या दाण्याएवढं. ट्यूबवर ऑक्सिजन सेन्सरला चालणारं असं लिहिलेलंच घ्या. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत. मॅन्युअलचा टॉर्क 4.9 ते 8.8 न्यूटन-मीटर. हा फारच कमी वाटतो आणि म्हणूनच लोक हाताच्या अंदाजाने जास्त आवळतात. मग एक तर गॅस्केट चिरडतं, नाहीतर हेडचे आटे जातात. इंच-पाउंडचा छोटा टॉर्क रेंच या एका कामासाठीही घेण्यासारखा आहे. मोठ्या रेंचचा खालच्या टोकाचा आकडा भरवशाचा नसतो.

आणि मिसिंग? कव्हर उचललं तेव्हा 3 आणि 4 नंबर प्लगच्या विहिरीत तेल साचलेलं होतं. तिथलं गॅस्केटही तेवढंच कडक झालेलं. वायरींचे बूट (टोकाच्या रबरी टोप्या) तेल पिऊन फुगलेले, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढावी तशी उभी काळी रेघ. ठिणगी टोकावर पडायच्या ऐवजी त्या रेघेवरून खाली उतरून बॉडीला अर्थ होत होती. प्लगच्या टोकांमधली गॅप लहान असलेला किंवा दाब कमी असलेला सिलिंडर ठिणगीला सोपा जातो. उंच गिअरला पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, गॅप ओलांडणं जड होतं आणि ठिणगी पळवाट शोधते. म्हणून आयडलला सगळं गुळगुळीत आणि चढावर धक्के.

वायरी काढण्याआधी रात्री गॅरेजचे दिवे बंद करून फवाऱ्याने पाण्याचा हलका तुषार मारून पाहिला होता: 4 नंबरच्या बुटापाशी निळसर ठिणग्यांची माळ. मग मल्टिमीटर. मीटरभर लांबीला 16 किलोओहम हा मूळ वायरींचा ठोकताळा. कॉइल इंजिनाच्या मागे असल्यामुळे 1 नंबरची वायर सर्वांत लांब, तिच्यात सर्वाधिक रेझिस्टन्स असणं साहजिक. इथे ती सरळ असताना 14 दाखवत होती आणि वाकवली की 30 च्या पुढे नाचत होती. वायर मोजताना ती हलवून मोजा. ताणून ठेवलेल्या मेलेल्या वायरीही कधी कधी पास होतात.

नव्या वायरी एनजीकेच्या निळ्या. त्यांच्यापेक्षा जाड, चकचकीत, 'रेसिंग' म्हणवणाऱ्या वायरींचं इथे काही काम नाही; या कॉइलची गरज साधी आहे आणि जाड बूट विहिरीत अडकतात. प्लग बीकेआर5ई-11, शेवटच्या 11 चा अर्थ 1.1 मिमी गॅप. 16 मिमीचा रबर असलेला सॉकेट, हेड थंड असताना, आधी बोटांनी आटे पकडवून. काळी रेघ पडलेला प्लग पुसून परत लावू नका, तीच रेघ नव्या बुटालाही जाळते. डायइलेक्ट्रिक ग्रीस बुटाच्या आतल्या ओठाला पुसटसं, धातूच्या टोकाला नाही.

वेस्टेड स्पार्क (एक कॉइल दोन प्लगना एकदम ठिणगी देते) असल्यामुळे 1-4 आणि 2-3 या जोड्यांना एकदम ठिणगी मिळते. 1 आणि 4 च्या वायरी आपसात बदलल्या गेल्या तर गाडीला पत्ताही लागत नाही. जोडी मात्र फुटली तर स्टार्टरवरच तोंडघशी पडाल.

सीएएस दोनदा हलला असल्याने टायमिंग पुन्हा पाहणं भाग होतं. खोलण्याआधी फ्लॅंजवर आणि हेडवर एकच ओरखडा मारून ठेवा, म्हणजे निदान इंजिन सुरू होण्याइतकं जवळ परत बसतं. डायग्नॉसिसच्या पेटीत टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं तारेने जोडून आयडल 850 च्या आसपास, मग ठिणगीचं टायमिंग 10 अंश. इथे एक फसगत आहे: आकडा फिरवून वाचायची टायमिंग लाइट दोन ठिणग्या मोजते आणि अंश चुकीचे दाखवू शकते. तिचा आकडा शून्यावर ठेवून थेट कव्हरवरच्या खुणा वाचा. 10 वर आणून सीएएसचा 12 मिमीचा बोल्ट आवळला. आवळताना तो किंचित फिरतो, म्हणून नंतर परत बघितलं.

हे लिहिताना एक गोष्ट डोक्यात आली आणि बेत बदलला. इतकं गॅस्केट एकदम का हरलं? पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला: खडखड नाही, आत डिंक. इंजिनाच्या बाजूने फुंकलं तर हवा जायला हवी होती, गेली नाही. क्रॅंककेसमधला दाब बाहेर पडायला जागा नाही म्हटल्यावर तो सगळ्यात कमकुवत रबर शोधणारच. काही डॉलरचा भाग, सोबत त्याचा कडक झालेला ग्रोमेटही. तो बदलल्याशिवाय पुढचं कोणतंही सील बसवणं वाया होतं.

त्यामुळे आधी ठरवलेला सस्पेन्शनचा महिना टायमिंग बेल्टला गेला. खालच्या कव्हरचा कोपरा ओलसर आहे, बेल्टची 60,000 मैलांची मुदत तशीही जवळ आली आहे. पुढची दोन कॅम सील, क्रॅंकचं पुढचं सील आणि वॉटर पंप एकाच खोलण्यात. हे इंजिन बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह वाकवत नाही, म्हणून घाई नाही. पण तेल प्यालेला बेल्ट दात सोडतो. तेलात भिजलेले हीटरचे दोन होजही त्याच यादीत, दाबल्यावर ते शिळ्या पोळीसारखे मऊ लागतात.

सध्या 60 मैल झाले. पावडर कोरडी, विहिरी कोरड्या, पाचव्या गिअरला 2,500 वरून पिकअप सरळ. पाचशे मैलांना आरसा पुन्हा आत घालणार, तोपर्यंत 'मिटलं' हा शब्द वापरायचा नाही.