शून्यावर आणलेला नो क्लेम बोनस परत मिळवताना

गाडीच्या विम्याच्या रिन्यूअलची नोटीस आली ती ₹15,937 ची. पाच वर्षांत मी कंपनीकडून एक रुपयाही घेतलेला नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळणारी सूट, दरवर्षी 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के अशी चढत जाते, त्यामुळे यंदा मला पूर्ण 50 टक्के मिळायला हवे होते. नोटिशीत त्या जागी शून्य होतं. हा राग अजून गेलेला नाही, म्हणूनच लिहितेय.

फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, सिस्टिममध्ये क्लेम दिसतोय."

तो क्लेम असा. सोसायटीत उभ्या गाडीला कुणाची तरी मोटरसायकल घासली आणि दाराचा रंग गेला. गॅरेजवाल्यांनी परस्पर क्लेम नोंदवून टाकला. खर्च निघाला ₹4,200. माझी गाडी 1,500 सीसीच्या आतली, म्हणजे प्रत्येक क्लेममागे पहिले ₹1,000 आपल्याच खिशातून. कंपनीकडून मिळणार ₹3,200 आणि जाणार पाच वर्षांचा बोनस, ज्याची किंमत माझ्या गाडीसाठी एका वर्षालाच जीएसटीसकट पावणेपाच हजारांच्या वर होती. पुढच्या वर्षी शिडी पुन्हा तळापासून चढायची ते वेगळंच. मी नुकसान तपासणारा सर्व्हेअर यायच्या आधीच क्लेम मागे घेत असल्याचा ईमेल पाठवला आणि दार स्वतःच्या पैशाने रंगवून घेतलं. हा हिशेब प्रत्येकाने गॅरेजच्या काउंटरवरच करावा. किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम लावणं बहुतेक वेळा महागात पडतं.

कंपनीने मात्र तो क्लेम बंदच केला नव्हता. 'सर्व्हे प्रलंबित' म्हणून तो तसाच लटकत राहिला, आणि क्लेम प्रलंबित असला तरी बोनस धरत नाहीत. रिन्यूअल विभाग म्हणे, क्लेम विभागाशी बोला. क्लेम विभाग म्हणे, गॅरेजकडून पत्र आणा. गॅरेज म्हणे, आम्ही बिलच कंपनीच्या नावाने केलं नाही, तर पत्र कसलं देणार? प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. माझा ईमेल त्यांच्याकडे पोहोचल्याची पोच माझ्याकडे होती. ती वाचायची तसदी कुणी घेत नव्हतं.

मध्येच विक्री विभागातल्या एकाचा फोन आला. "मॅडम, तुमच्यासाठी खास पावणेचौदा हजारांत करून देतो." कोट ईमेलवर मागवला तेव्हा कळलं, बोनस शून्यच होता आणि आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, चार लाखांवरून ₹3,10,000 वर आणली होती. गाडी चोरीला गेली तर मला नव्वद हजार कमी मिळणार, ही त्यांची खास सवलत! पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायची असते, त्यामुळे असे आकडे खाली सरकवणं सोपं जातं. फोनवर सांगितलेल्या आकड्याला कधीच हो म्हणू नका. आयडीव्ही, बोनस आणि झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची झीज न कापता भरपाई देणारं जादा कव्हर) या तीन ओळी लेखी बघितल्याशिवाय दोन कोटांची तुलना होतच नाही.

त्यानेच पुढे घाईही लावली, "मुदत संपली तर बोनस कायमचा जाईल." हे खोटं आहे. मुदत संपल्यावर 90 दिवसांच्या आत रिन्यू केलं तर बोनस टिकतो. अर्थात तोवर गाडी रस्त्यावर काढता येत नाही आणि पुन्हा विमा घेताना गाडीची तपासणी होते, तेव्हा तिथवर जाऊ देऊ नयेच.

एका एजंटाने सुचवलं, दुसऱ्या कंपनीत जा आणि फॉर्मवर 50 टक्के लिहून टाका. मी नाही म्हटलं. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खातरजमा करते. तिथे क्लेम उघडा दिसला, तर ऐन अपघाताच्या वेळी माझाच क्लेम नाकारला गेला असता. म्हणून आधी नोंद दुरुस्त करून घेणं भाग होतं, भावाची घासाघीस त्यानंतर.

गाडी हलली ती तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिल्यावर. त्यांचा ईमेल पॉलिसीच्या कागदपत्रांतच असतो, आपण ती पानं उघडत नाही इतकंच. क्लेम क्रमांक, माघारीचा ईमेल, त्याची पोच आणि मी भरलेलं गॅरेजचं बिल असं सगळं एकाच पत्राला जोडलं. खाली लिहिलं की चौदा दिवसांत उत्तर आलं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करेन आणि त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. आम्ही नाशिकचे, आम्हाला पुण्याचंच कार्यालय लागतं, आणि तिथे तक्रारीला फी नाही. पोर्टलपर्यंत जावंच लागलं नाही. 'रक्कम न देता क्लेम बंद' असं पत्र आलं. एवढ्या एका ओळीसाठी मला किती फिरवलं!

मग भाव सोपा झाला. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा हप्ता सरकार ठरवतं, 1,000 ते 1,500 सीसीला ₹3,416. त्यात कुणीही सूट देऊ शकत नाही, मागूही नका. घासाघीस होते ती ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावरच्या सवलतीवर. दुसऱ्या कंपनीचा त्याच चार लाखांच्या आयडीव्हीचा, झिरो डेप्रिसिएशनसकट कोट पुढे ठेवला आणि म्हटलं, एवढ्यात देता का, नाहीतर मी निघाले. सवलत 40 वरून 50 टक्क्यांवर आली. शेवटी जीएसटी धरून ₹9,931 भरले. आयडीव्ही कमी होऊ दिली नाही, याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

त्यातले काही रुपये आणखी एका गोष्टीने वाचले, ती सांगायची राहिली. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हर सक्तीचं असतं, पण ते गाडीमागे एक नव्हे, माणसामागे एक. माझ्या स्कूटरच्या पॉलिसीत ते आधीच होतं. तसं लेखी कळवल्यावर ती ओळ काढून टाकली. ती आपणहून कुणी काढत नाही. पॉलिसी हातात आल्यावर बोनसचा आकडा बरोबर छापलाय ना ते बघून घ्या, आणि क्लेम बंद झाल्याचं पत्र तिच्यासोबतच ठेवा. पुढच्या वर्षी कंपनी बदलायची झाली तर तेच दाखवावं लागेल.