जिनिव्हा: राष्ट्रसंघाची दोन घरं

जिनिव्ह्यात पर्यटक १५ नंबरच्या ट्रामने ‘नासिओं’ स्टॉपला उतरतात, तीन पायांवर उभ्या असलेल्या त्या १२ मीटर उंच लाकडी खुर्चीखाली फोटो काढतात, समोरच्या झेंड्यांकडे पाहून ‘हेच यूएन’ म्हणतात आणि परत फिरतात. मला हे फार खुपतं. झेंड्यांमागचा पॅले दे नासिओं हा महाल यूएनसाठी बांधलाच नव्हता. तो राष्ट्रसंघाचा (लीग ऑफ नेशन्सचा), म्हणजे यूएनच्या आधीच्या, पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखायला निघालेल्या संस्थेचा होता.

सुरुवात मात्र तळ्याकाठच्या पॅले विल्सनपासून करावी. आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघायचं. हे मूळचं २२५ खोल्यांचं हॉटेल. १९२० ते १९३६ राष्ट्रसंघाचं सचिवालय इथेच होतं आणि संस्थेच्या हातून जे काही चांगलं घडलं त्यातलं बहुतेक याच जुन्या हॉटेलातून चालवलेलं. नव्या महालाची पायाभरणी १९२९ची. कचेऱ्या तिकडे हलल्या १९३६मध्ये, म्हणजे ज्या वर्षी इटलीने अ‍ॅबिसिनिया (आजचा इथिओपिया) गिळला त्याच वर्षी.

महाल बघायला आधी बुकिंग हवं आणि मूळ पासपोर्ट हवा. झेरॉक्स चालत नाही. प्रवेश झेंड्यांच्या फाटकातून नाही, वर प्रेनी गेटमधून. आवारात मोर मोकळे फिरतात. ही बाग शहराला देणाऱ्या रेव्हियो यांची अटच तशी होती. सभागृह भव्य आहे. संघाच्या १९३७च्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते आगाखान, पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे तेच.

थांबावं ते कौन्सिलच्या, म्हणजे संघाच्या छोट्या कार्यकारी मंडळाच्या, दालनात. सर्ट या स्पॅनिश चित्रकाराने भिंती आणि छत सोनेरी-तपकिरी रंगात भरून टाकलंय. छताच्या मधोमध पाच खंडांचे पाच अवाढव्य हात एकमेकांत गुंफलेले. ते हात बघताना ग्रीसची दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून बघा.

ऑक्टोबर १९२५. सीमेवरच्या गोळीबारानंतर ग्रीक फौजा बल्गेरियात घुसल्या. बल्गेरियाने संघाचे सरचिटणीस ड्रमंड यांना तार केली. तीन-चार दिवसांत पॅरिसला कौन्सिल बसली. कौन्सिलचे अध्यक्ष ब्रियां यांनी मुदत घातली: माघारीचे हुकूम दिल्याचं २४ तासांत कळवा, ६० तासांत सैन्य मागे घ्या. ब्रिटन, फ्रान्स, इटलीचे लष्करी अधिकारी देखरेखीला जागेवर गेले. ग्रीस हटला, पुढे ४५,००० पौंड भरपाईही दिली. संघाची यंत्रणा इतकी चोख क्वचितच चालली असेल.

पण दोनच वर्षांपूर्वी, १९२३मध्ये, मुसोलिनीने ग्रीसच्या कॉर्फू बेटावर तोफा डागल्या होत्या. ग्रीसने संघाकडे धाव घेतली, तरी निकाल लावला तो संघाबाहेरच्या, बड्या विजेत्या देशांच्या राजदूतांच्या परिषदेने, आणि ५ कोटी लिरा भरावे लागले ग्रीसलाच. नियम तेच होते. फरक एवढाच की समोर कौन्सिलचा कायम सदस्य, म्हणजे इटली, होता.

दुखणं इथेच होतं. महत्त्वाच्या ठरावाला एकमत लागे, स्वतःची फौज नव्हती, आणि अमेरिका आलीच नाही. संघाच्या घटनेतलं आर्थिक बहिष्काराचं कलम १६ अ‍ॅबिसिनियावरच्या हल्ल्यासाठी इटलीवर लावलं तेव्हा तेल त्यातून वगळलं आणि सुएझ कालवाही उघडाच ठेवला. रणगाडे चालू राहिले. मांचुरियात जपान सप्टेंबर १९३१ला घुसला, संघाने चौकशीला नेमलेल्या लिटन समितीचा अहवाल आला ऑक्टोबर १९३२मध्ये. तोवर तिथे मांचुकुओ नावाचं बाहुलं राज्य उभंही राहिलं होतं. फेब्रुवारी १९३३मध्ये जपानला दोषी धरणाऱ्या अहवालावर ४२ विरुद्ध १ असं मतदान झालं, आणि तो एक, म्हणजे जपान, उठून गेला.

फौज नव्हती म्हणजे कधीच उभारता आली नाही असं मात्र नाही. जर्मनी-फ्रान्स सीमेवरच्या सार प्रांतातल्या १९३५च्या सार्वमतासाठी ब्रिटन, इटली, स्वीडन आणि नेदरलँड्सचे मिळून सुमारे ३,३०० सैनिक आले आणि मतदान शांततेत पार पडलं. जर्मनी आणि फ्रान्स, दोन्ही बाजूंची संमती होती, म्हणून जमलं.

माझ्या मते संघाचं सगळ्यात टिकाऊ काम होतं नान्सेन पासपोर्ट, म्हणजे संघाचे निर्वासित आयुक्त नान्सेन यांच्या नावाचा प्रवासाचा कागद. १९२२पासून देश गमावलेल्या रशियन निर्वासितांना, पुढे आर्मेनियनांनाही, हा कागद मिळू लागला आणि पन्नासहून जास्त सरकारांनी तो मानला. सुरुवातीला एक मोठी खोट होती: ज्या देशाने दिला तिथे परत येण्याचा हक्क त्यात नव्हता. १९२६च्या करारात परतीच्या व्हिसाची तरतूद आली, आणि कागदावर नान्सेन यांचं चित्र असलेलं पाच सुवर्ण फ्रँकचं तिकीट लागू लागलं. ते पैसे निर्वासितांच्याच मदतीसाठी वापरत.